पत्र्याखालची थंडी

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे ब्लँकेटवाटपाला सुरुवात होते. बसस्थानक, सिव्हिल हॉस्पिटलचं आवार, एखादा आदिवासी पाडा. टेंपो येतो, गठ्ठे सोडले जातात, रांग लागते, आणि देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा हात एकाच ब्लँकेटला लागलेला असताना फोटो निघतो. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. उघड्यावर कुडकुडणाऱ्या माणसाला त्या रात्री ते ब्लँकेट लाखमोलाचं असतं. माझी तक्रार वेगळी आहे. गरिबाची थंडी म्हणजे पांघरुणाची कमतरता, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. पांघरूण देता येतं, मोजता येतं, बातमीत छापता येतं, म्हणून ते सोयीचं पडतं. थंडी मात्र घरात येते ती पत्र्यातून, दाराखालच्या फटीतून, भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या भोकांतून. तिथे कुणी बघत नाही. सरकार तर नाहीच, कारण सरकारी हिशेबात घर एकदा ‘पक्कं’ झालं की विषय संपला.

थंडी हा घराच्या बांधणीचा प्रश्न आहे आणि त्यावर सार्वजनिक पैसा बांधणीतच खर्च व्हायला हवा, एवढंच मला म्हणायचंय.

महाराष्ट्रात थंडी ती काय असणार, हे मुंबईत बसून विचारायला सोपं आहे. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेला की ती पहिल्या पानाची बातमी होते, पण होते द्राक्षांची म्हणून. मणी तडकतील, माल निर्यातीच्या लायक राहणार नाही, या धास्तीने बागायतदार रात्री बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. त्यात चूक काही नाही; वर्षभराची कमाई त्या वेलींवर लटकलेली असते. पण त्याच बागेच्या बांधाला, पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला आलेलं मजुराचं कुटुंब पत्र्याच्या खोलीत झोपलेलं असतं आणि त्या बातमीत त्याला जागा नसते. वेलीला किती अंश सोसतं हे तालुक्यातल्या पोरासोरांना पाठ आहे.

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले होते. पुण्याचा जानेवारीचा नीचांक १.७ अंशांचा आहे, १९३५ सालचा. सातपुड्यात दव गोठतं, महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात आणि पर्यटक ते खरवडून फोटो काढतात. या टोकाच्या रात्री मोजक्याच. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. ४ अंशांवर आलं तर सरासरी न बघताच. पण माणसाच्या शरीराला लाट जाहीर होण्याशी देणंघेणं नसतं. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या सुमारे ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास आला. थंडीशी संबंधित मृत्यू उष्णतेपेक्षा कितीतरी जास्त निघाले, आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे तर बेताच्या थंडीतले होते. त्या यादीत भारत नव्हता, पण ब्राझील आणि थायलंड होते, म्हणजे हा केवळ बर्फाळ देशांचा मामला नाही. कारण साधं आहे. गारठ्यात रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो, म्हाताऱ्या माणसाचं हृदय पहाटे जास्त राबतं, दमेकऱ्याची छाती भरते. रोज रात्री थोडं थोडं, दोन-अडीच महिने. अशा मरणाचा पंचनामा होत नाही. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं जातं आणि घरचे म्हणतात, थंडी बाधली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांतल्या घरांत किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय. आपल्याला तो आकडा जसाच्या तसा लागू करायची गरज नाही. मात्र घरातलं तापमान ही सुद्धा मोजायची आणि सांभाळायची गोष्ट आहे, हा त्यामागचा विचार आपल्याकडे अजून पोहोचलेला नाही.

आता पत्र्याच्या खोलीत पहाटे नेमकं काय होतं ते जवळून बघू. पन्हळी पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. रात्र निरभ्र असली की तो आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतो आणि पहाटेपर्यंत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणून उघड्यावरच्या दुचाकीची सीट ओली होते तशीच पत्र्याची पाठही ओली होते. आत चार-पाच माणसं श्वास सोडतायत, कोपऱ्यात माठ आहे, वळणीवर धुतलेले कपडे आहेत. ती सगळी वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होतं. थेंब पन्हळीतून घरंगळत खिळ्यापर्यंत किंवा वाशापर्यंत येतात आणि तिथून खाली पडतात. पाऊस नाही, छप्पर गळकं नाही, तरी चार वाजता गोधडीवर टप टप सुरू होते. बाया त्यावर युरियाची गोणी उसवून केलेला कागद पसरतात. त्याने वरचं पाणी अडतं, पण अंगाची वाफही आतच राहते आणि गोधडी खालून दमट होते. गोधडीची ऊब तिच्या थरांत कोंडलेल्या कोरड्या हवेची असते. थर ओले झाले की पांघरूण जड होतं आणि ऊब कमी. मग दुसरं ब्लँकेट घ्या, तिसरं घ्या.

गंमत अशी की अशा घरात उष्णता तयारच होत नाही असं नाही. झोपलेला माणूस साधारण ७० वॉट उष्णता बाहेर टाकतो. चार माणसं झोपली की पावणेतीनशे-तीनशे वॉट झाले. बिल न येणारा, पहाटेपर्यंत न विझणारा हा हीटर प्रत्येक झोपडीत आहे. ती उष्णता टिकवायची सोय नाही, एवढीच अडचण. अशी खोली आणखी तापवायला जाणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतत बसणं. आधी भोक बुजवा.

हे लोकांना कळत नाही असं समजू नका. कुठल्याही शहराच्या कडेच्या वस्तीत जा आणि मान वर करून बघा. पत्र्याखाली फ्लेक्स ताणलेला दिसेल. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, नगरसेवकपदी निवडीच्या अभिनंदनाचा, क्लासच्या टॉपर मुलांचा. कार्यक्रम झाला की फ्लेक्स उतरवणाऱ्या पोराकडून तो मिळवायचा, सुतळीने वाशांना चहूबाजूंनी ताणून बांधायचा. पत्रा आणि फ्लेक्स यांच्यात वीतभर हवा कोंडली जाते, टपकणारं पाणी फ्लेक्सवर झेललं जातं, वाऱ्याचा झोत अडतो. उष्णतारोधक छताचं तत्त्व नेमकं हेच आहे. आमच्या राजकारण्यांनी गरिबाच्या घराला थंडीपासून वाचवण्यासाठी केलेलं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे त्यांचे स्वतःचे फ्लेक्स, असं म्हणायचा मोह होतो. पण फ्लेक्स प्लास्टिकचा असतो, ठिणगीने पेटतो आणि वितळून अंगावर पडतो. एका खोलीत चूलही आहे, देवापुढे निरांजनही आहे, तिथे ही सोय किती धोक्याची हे सांगायला नको. स्वस्तातला थर्माकोलही तसाच. लोकांनी अर्धं काम स्वतःच्या अकलेने केलंय. उरलेलं अर्धं, म्हणजे तेच छत न पेटणाऱ्या आणि उंदीर न पोसणाऱ्या मालाचं करणं, हे त्यांच्या खिशाबाहेरचं आहे.

खोली तापवण्याच्या वाटाही बघून घेऊ. २,००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट खातो. रोज ४ तास म्हटलं तर महिन्याला २४० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंतचा पहिला टप्पा स्वस्त, त्यापुढे दर जवळजवळ दुप्पट. म्हणजे एरवी साठ-सत्तर युनिटांत भागवणारं घर एका हीटरपायी सरळ वरच्या टप्प्यात जातं. आणि सकाळी हीटर बंद केला की पत्र्याखाली अर्ध्या तासात पुन्हा होतं तेच.

दुसरी वाट शेगडीची. बाहेर शेकोटीवर हात शेकून झाले की उरलेले निखारे घमेल्यात घालून आत आणायचे, दार लावायचं, फटीत गोणपाट कोंबायचं आणि झोपायचं. निखाऱ्यांतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ती गुंगी झोपच वाटते. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून अख्खी कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात. धुराने माणूस निदान खोकून जागा तरी होतो. लालबुंद, धूर न करणारे निखारे जास्त घातक, ही गोष्ट ब्लँकेटवाटपाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइकवरून सांगितली गेली तर त्या कार्यक्रमाचा जास्त उपयोग होईल. निखारे आत आणायचेच असतील तर माणसं जागी असेपर्यंत, वरचा झरोका उघडा ठेवून, आणि झोपायच्या आधी घमेलं बाहेर. यात तडजोड नाही.

चुलीचा विषय निघालाच आहे तर एक बाजूची गोष्ट. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि धुराने बायकांची फुप्फुसं पोखरणारी चूल स्वयंपाकघरातून हलली. उत्तम झालं. पण चूल भाकरी भाजण्याबरोबर संध्याकाळी भिंत तापवायची, बंबातलं पाणी गरम ठेवायची, म्हाताऱ्यांना बसायला ऊबदार जागा द्यायची. ती गेल्यावर या तीन कामांचं काय, हे कुणाच्या टिपणात नव्हतं. परिणाम असा की चूल अंगणात गेली आणि आंघोळीच्या पाण्यासाठी पहाटे पाच वाजता बाई उघड्यावर तिच्यासमोर बसते. माणसाने घरासाठी केलेल्या सोयी एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि योजना एकेक सोय सुटी काढून बघते.

मग जुनी घरं बरी होती, असं म्हणणारा एक वर्ग लगेच तयार असतो. मराठवाड्यात, सोलापुरात माळवदाची घरं होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, किलचं आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाची उष्णता त्या मातीत मुरायची आणि रात्री सावकाश आत उतरायची. मे महिन्यात त्याच्या उलट. राहायला याहून सुखाचं घर नाही. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हीच माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे ८ हजार माणसं गेली. त्यानंतर लोक माळवदाखाली झोपायला घाबरू लागले, अंगणात पत्र्याची शेड टाकून वर्षानुवर्षं तीत राहिले. पत्र्याला तिथे गरिबीइतकाच भीतीचाही इतिहास आहे. कुणी शहरातून येऊन मातीच्या घराचं कौतुक करायला लागला की मला त्या लोकांची आठवण येते. जाड मातीचं छत परत आणा असं मी म्हणणार नाही. हलकं छप्पर राहू द्या; त्याच्या आतल्या बाजूने काहीतरी करा. पत्रा हलका असणं हा गुण आहे, उघडा असणं हा दोष.

इथे घरकुलाचा हिशेब मांडावा लागतो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात मैदानी प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२४ मध्ये योजना पुढच्या पाच वर्षांसाठी वाढली, मूळ रक्कम मात्र तीच राहिली. दरम्यान सिमेंट, वाळू, सळई कुठे गेली हे घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्याला. म्हणजे छतावर काय असावं याचा विचार झाला, ही चांगलीच गोष्ट. छताखाली काय असावं याचा नाही.

पैसे कमी पडले की लाभार्थी कुठे हात आखडतो? नऊ इंची भिंतीऐवजी चार इंची, स्लॅबऐवजी पत्रा, दाराला चौकट येते पण उंबरा राहतो, गिलावा ‘पुढच्या वर्षी’. भिंतीच्या माथ्यावर पत्रा टेकतो तिथे प्रत्येक पन्हळीखाली एक भोक उरतं. मूठभर सिमेंट-वाळूत बुजणारं, पण गवंडी निघून गेलेला असतो, म्हणून चिंध्या कोंबलेल्या. ज्याने स्लॅब टाकला त्याचं थोडं बरं असतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीचा पहिला प्रहर ऊब देतो आणि पहाटे गार पडतो. यातला कुठलाच दोष तपासणीत धरला जात नाही. जोतं झालं, छत पडलं, की फोटो अपलोड आणि पुढचा हप्ता.

माझी मागणी मोठी नाही. घरकुलाच्या रकमेत आतल्या छतासाठी आणि फटी बुजवण्यासाठी वेगळा वाटा ठेवावा आणि तो त्याच कामावर खर्च व्हावा. २७० चौरस फुटांना बांबूच्या तट्टीवर मातीचा लेप, किंवा सिमेंटचे पातळ बोर्ड, जे स्थानिक मिळेल ते. कितीही काटकसर केली तरी दहा-पंधरा हजारांच्या घरात जाईल असा माझा अंदाज. सौर पॅनेलला राज्य जेवढं देतंय तेवढंच. एवढ्यात पत्र्याचं टपकणं थांबतं आणि माणसांची उष्णता माणसांपाशी राहते. छताला वर एक झरोका मात्र उघडा राहिलाच पाहिजे. घर बाटलीसारखं बंद केलं की ओल, बुरशी आणि क्षयरोग यांना आमंत्रण.

एक गोष्ट तर फुकट आहे, ती म्हणजे दिशा. नाशिक साधारण २० अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी तिथे सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो. मे महिन्यात थेट डोक्यावर. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला खिडकी आणि तिच्यावर दीड फुटाचा छज्जा असेल तर हिवाळ्यात ऊन आत येऊन जमीन तापवतं आणि उन्हाळ्यात येतच नाही. एका खिडकीची जागा बदलायची, खर्च शून्य. पण घरकुलाचा नकाशा बघतो फक्त रस्ता कुठल्या बाजूला आहे ते. आणि उरलेली कसर वास्तुशास्त्र भरून काढतं. दक्षिण दिशा यमाची, तिकडे तोंड नको. दार नका करू तिकडे, श्रद्धा असेल तर असो. पण खिडकीतून यम येत नाही, ऊन येतं, हे ग्रामसेवकाने एकदा सांगायला हरकत नसावी.

आता लोकरीबद्दल. पठारावरचे धनगर पाळतात त्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, काळपट. तिच्यापासून घोंगडी होते. सणगर विणतात, चिंचोक्याची खळ देतात, मग ती पावसाला आणि थंडीला दोन्हीला पुरून उरते. घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं तशी या लोकरीला किंमत उरली नाही. आज पुष्कळ मेंढपाळ कातरणीची मजुरी पदरची देतात आणि लोकर टाकून देतात. दुसरीकडे जी ब्लँकेटं आपण वाटतो त्यातली पुष्कळशी येतात पानिपतहून, जगभरातले जुने लोकरी कपडे पिंजून केलेल्या धाग्याची. (पानिपतावरून थंडीत काही आणण्याचा मराठी माणसाचा अनुभव फारसा चांगला नाही, पण ते असो.) लोकर सहजासहजी पेट घेत नाही, टाकणखाराची प्रक्रिया केली तर कसर लागत नाही, युरोपात, न्यूझीलंडमध्ये ती छताच्या आत अस्तर म्हणून वापरतात. इथे टाकाऊ लोकर आहे, गार छपरं आहेत, आणि मेंढी-शेळी विकासाचं अख्खं महामंडळ पुण्यात आहे. एका तालुक्यात, शंभर घरकुलांच्या छतात ही लोकर भरून दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे तापमान मोजायला काय हरकत आहे? फसलं तर फसलं. याहून निरर्थक गोष्टींवर आपण पथदर्शी प्रकल्प केलेत.

दोन उन्हाळे म्हटलं ते मुद्दाम. कारण या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की महाराष्ट्राचं खरं संकट उष्णता आहे. विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो, नागपूरसारख्या शहरांनी उष्माघाताचे कृती आराखडे केलेत, आणि वर्षातले आठ-दहा आठवडे सोसायच्या थंडीसाठी कुठे पैसा घालता? आक्षेप बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. जे छत जानेवारीत आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही तेच एप्रिलमध्ये बाहेरची आत येऊ देत नाही. ब्लँकेट मे महिन्यात पेटीत जातं, छत जात नाही. हवं तर सगळी योजना उन्हाळ्याच्या नावाने राबवा. थंडीचं काम आपोआप होऊन जाईल. उलट पत्र्याला बाहेरून नुसता पांढरा रंग मारण्याचा उपाय उन्हाळ्यात चांगला, हिवाळ्यात उपयोगाचा नाही. दोन्ही ऋतूंचा विचार एकत्र केला तरच हे लक्षात येतं.

तोवर घरच्या घरी काय करायचं? फार नाही, पण आहे. भिंतीच्या माथ्यावरची भोकं चिखलात भुसा कालवून बुजवा. दाराखाली वाळू भरलेली कापडी गुंडाळी ठेवा. खाट असेल तर तिच्यावर आधी गोणपाट, मग अंथरूण. खालून जाणाऱ्या उष्णतेचा आपण हिशेबच करत नाही आणि वरून मात्र पांघरुणं वाढवत बसतो. कोब्यावर झोपणाऱ्यांनी तर अंगावरच्या दोन गोधड्यांतली एक अंगाखाली घ्यावी, लगेच फरक कळतो. बाहेरच्या भिंतीला डोकं लावून झोपू नका. दुपारी दार-खिडकी सताड उघडा, ऊन्ह आणि कोरडी हवा आत येऊ द्या, चारच्या सुमाराला बंद करा. गोधड्या रोज उन्हात. ओले कपडे रात्री घरात वाळत नकोत. म्हाताऱ्या माणसांना कानटोपी आणि पायमोजे झोपेतही. यातलं निम्मं आपल्या आज्यांना माहीत होतं.

पण हे सगळं ज्यांना घर आहे त्यांच्यासाठी. फूटपाथवरच्या माणसाला छत कुठलं? तिथे ब्लँकेट हवंच, आणि त्याहून जास्त निवारा हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असं बजावलं होतं.

आणि मग ऊसतोड कामगार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, अहिल्यानगर, जालना भागातून लाखो माणसं ट्रॅक्टर-ट्रकमधून ऊसपट्ट्यात उतरतात आणि नेमका सगळा हिवाळा कोपीत काढतात. बांबूच्या कांबी वाकवायच्या, त्यावर चटई नाहीतर ताडपत्री, आत वाकून जायचं. कोपी बहुधा कारखान्याच्या अड्ड्यावर किंवा कापलेल्या रानात. खाली काळी माती, नुकतं पाणी दिलेलं रान शेजारी, त्यामुळे ओल जमिनीतूनच वर येते. पहाटे तीन-चारला जोडपं फडावर निघतं, तान्हं मूल बरोबर किंवा थोरल्या बहिणीच्या हवाली. महाराष्ट्रातल्या थंडीचा सर्वांत मोठा भार या माणसांवर आहे, आणि त्यांच्याबाबत ‘गरीब आहेत, कोण काय करणार’ असं म्हणायची सोय नाही, कारण त्यांना कामाला लावणारा उद्योग संघटित आहे, त्याची दारं कुठे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ आहे, कारखान्यांकडून त्यासाठी टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. कोपीऐवजी जोत्यावर उभ्या, घडीच्या, दुहेरी भिंतीच्या खोल्या हंगामापुरत्या उभारणं ही अशक्य गोष्ट नाही. लष्कर आणि मोठे बांधकाम ठेकेदार हे नेहमी करतात. खोल्या पुढच्या हंगामात पुन्हा वापरता येतात.

दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तालयातून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची ऊसबिलं थकली असतील तर हा परवाना अडतो, म्हणजे अट घालायची सवय खात्याला आहे. त्या यादीत आणखी एक ओळ वाढवायची: तोडणी कामगारांच्या निवाऱ्याची जागा, खोल्यांची संख्या आणि जोत्याची उंची. परवान्याचे अर्ज यायच्या आत हा निर्णय झाला तर येत्या हंगामालाच तो लागू होऊ शकतो.